स्वस्तातली जुनी डिझेल गाडी : घ्यावी की राहू द्यावी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी हा पुरुषांच्या बोलण्याचा विषय, असं आपल्याकडे धरून चालतात. पण गाडीसाठी लागणारं कर्ज बऱ्याचदा बाईच्या नावावर, बचत गटातून निघतं आणि हप्त्याच्या दिवशी दारात उभी राहते ती बाईच. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आमच्या गटात बारा जणी आहोत. गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी दीड लाखाचं कर्ज मागितलं. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याला न्यावं लागतं. अंतर जाऊन-येऊन ५६ किलोमीटर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ती सोय चांगलीच आहे. पण डायलिसिस झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला गळून जायला होतं, चक्कर येते. तशात दोन तास स्टँडवर कसं बसवायचं? म्हणून त्या भाड्याची गाडी करतात. एका खेपेला थांबण्यासकट १,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८,०००. मुलाने जुनी डिझेल गाडी पाहून ठेवली होती. नोंदणीचं चौदावं वर्ष, किंमत दीड लाख. मुलाचं म्हणणं, "डिझेल स्वस्त, गाडी ॲव्हरेज चांगलं देते, भाड्याचे पैसे वाचतील."

बोलणं चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. आम्ही वही काढली आणि हिशोब मांडला.

दवाखान्याच्या आठ खेपांचे ४४८ किलोमीटर, त्यात बाजार आणि पै-पाहुणे धरून महिन्याला ६०० किलोमीटर धरले. डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज २० धरलं तर किलोमीटरला साडेचार रुपये पडतात. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरलं तर साडेसहा रुपये. म्हणजे किलोमीटरमागे दोन रुपयांचा फरक. ६०० किलोमीटरला १,२०० रुपये वाचले, वर्षाला १४,४००. हा डिझेलचा फायदा खरा आहे, आम्ही तो मान्य केला.

आता दुसरी बाजू. दीड लाखाचं कर्ज, शेकडा एक रुपया व्याज आणि तीन वर्षांची मुदत, तर हप्ता साधारण ५,००० बसतो. डिझेलचे २,७००. विमा, पीयूसी, ऑइल, किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला १,५०० तरी. बेरीज ९,२००. म्हणजे मोठं काम एकही निघालं नाही, तरी तीन वर्षं भाड्याच्या गाडीपेक्षा १,२०० रुपये जास्तच जाणार होते. आणि चौदा वर्षांच्या डिझेल गाडीला मोठं काम निघणार नाही, हे कोण सांगणार?

डिझेल इंजिन दणकट असतं, पण त्याचे भाग महाग. इंजेक्टर, पंप, टर्बो, क्लच यांतलं एक काम निघालं की बिल हजारांत जातं. वर्षभर डिझेलवर वाचवलेले पैसे एका दिवसात गॅरेजमध्ये राहतात. ज्यांचं रोजचं धावणं मोठं आहे, त्यांना डिझेल परवडतं. आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर निघणाऱ्या घराला बचत कमी आणि जोखीम तेवढीच. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-सहाच्या डिझेल गाड्यांना धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली की तो काजळीने तुंबतो. अधूनमधून मोठ्या रस्त्यावर गाडी पळवली तर साफ राहतो.

आणखी एक गोष्ट. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ठेवायची तर गाडी आरटीओत तपासून घ्यायची आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. एप्रिल २०२२ पासून मोटारीचं हे शुल्क ५,००० रुपये झालं आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. ताईंचं कर्ज तीन वर्षांचं होतं आणि गाडीची नोंदणी त्याच्या आधीच संपत होती. तपासणीत गाडी नापास झाली, तर गाडी बंद आणि हप्ता चालू.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त गाड्यांबद्दलही विचारणा होते. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश झाला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या गाड्या पडत्या भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी हवी, इथला कर भरायला हवा, इथला नंबर घ्यायला हवा. हा खर्च धरून किंमत सांगा, असं विकणाऱ्याला स्पष्ट विचारायचं.

तरीही कोणाला गाडी घ्यायचीच असेल, तर काय बघायचं?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. चालू करायला लावा आणि धूर बघा. काळा धूर भसाभसा येत असेल, तर इंजेक्टर नाहीतर हवेचा फिल्टर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसते, ती चालते. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर ती गाडी सोडा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला लावा. तिथून जोराने वाफारा येत असेल, तर इंजिन आतून झिजलंय.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायटीचं रबर, स्टेअरिंग, ड्रायव्हरची सीट बघा. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर समजून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर कडक होतो, त्याला चिरा पडतात. चार टायर नवे घ्यायचे झाले तर तो खर्च किमतीत धरा. आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

मग कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेले ई-चलान आणि विम्याची तारीख एम-परिवहन ॲपवर बघता येते. गावातली कॉलेजची कोणतीही मुलगी पाच मिनिटांत काढून देईल.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "सह्या करून ठेवा, नावाचं नंतर बघू," असं एजंट म्हणतात. ते ऐकू नका. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. उद्या अपघात झाला तर नोटीस त्यालाच येते. विम्यावरचं नाव १४ दिवसांच्या आत बदलायला अर्ज करायचा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं मारायचं नाही. ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. "भाडं मारून हप्ता फेडू," असा हिशोब कोणी सांगितला, तर तो वहीत धरू नका.

आता नावाचीच गोष्ट. आम्ही ताईंना विचारलं, आरसी कोणाच्या नावावर होणार? उत्तर आलं, मुलाच्या. कर्ज आईच्या नावावर, गाडी मुलाच्या नावावर. उद्या मुलाने गाडी विकली, तर हप्ता कोण फेडणार? आणि एकीचा हप्ता थकला की बँकेच्या वहीत साऱ्या गटाचं नाव खराब होतं, पुढचं कर्ज बाराही जणींचं अडतं. कोणाचं शेळीपालन त्यावर आहे, कोणाच्या मुलीची फी आहे.

म्हणून ठराव असा केला. या गाडीसाठी कर्ज नाही. दहा वर्षांच्या आतली, मिस्त्रीने तपासलेली गाडी आणली, मग ती पेट्रोल असो की डिझेल, आणि आरसी ताईंच्या नावावर झाली, तर गट पुन्हा विचार करेल. मुलाला राग आला. ताईंनाही वाईट वाटलं, ते त्यांनी बैठकीत बोलूनही दाखवलं. गरज खरी असताना नाही म्हणणं आम्हालाही सोपं गेलं नाही.

पण नाही म्हणून गप्प बसायचं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, शेजारच्या वाडीतले एक काकाही त्याच दवाखान्यात डायलिसिसला जातात. दवाखान्यात बोलून दोघांचे वार जुळवून घेतले. आता एकच परवान्याची गाडी दोघांना नेते. खेपेला ५०० रुपये, महिन्याला ४,०००. वाचलेल्या चारातले दोन हजार ताई गटात गाडीच्या नावाने वेगळे टाकतात. वर्षाने गाडी घेतली, तर २४,००० हाताशी असतील आणि तेवढं कर्ज कमी.

मैत्रिणींनो, गाडी वाईट नाही. वेळीअवेळी दारात गाडी असणं हा मोठा आधार असतो. पण स्वस्त गाडी आणि परवडणारी गाडी यांत फरक आहे. किंमत एकदाच द्यायची असते, खर्च दर महिन्याला असतो. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर चार प्रश्न वहीत लिहा : महिन्याला किती किलोमीटर? नोंदणी कधी संपते? आरसी कोणाच्या नावावर? मोठं काम निघालं तर पैसे कुठून? चारही उत्तरं मिळाली की मग हो किंवा नाही म्हणा.