दुरून डोंगर, जवळून दगडगोटे

  मी व्यवसायाने आयटी सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ नव्हे. पण आज एका जपानी अवकाशमोहिमेची गोष्ट सांगणार आहे. ज्याने कधी एखादा प्रकल्प तारखेत बसवायची धडपड केली असेल, त्याला ती लगेच आपली वाटेल.

आपल्याकडे म्हणतात, दुरून डोंगर साजरे. लघुग्रहांच्या बाबतीत तर हे फारच खरं. पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक लघुग्रह म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका. त्या ठिपक्याचं तेज कसं कमीजास्त होतं, त्यावरून तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो हे कळतं. रंगावरून खनिजांचा अंदाज बांधता येतो. यान जवळ गेलं, की या अंदाजांची परीक्षा सुरू होते.

जपानने अशी पहिली परीक्षा घेतली ती हायाबुसा यानाने. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. मे २००३ मध्ये निघालेलं हे यान सप्टेंबर २००५ मध्ये इतोकावा नावाच्या लघुग्रहापाशी पोचलं. जपानी रॉकेटविद्येचे जनक हिदेओ इतोकावा यांचं नाव त्याला दिलेलं आहे. लांबी जेमतेम ५३५ मीटर. एवढीशी वस्तू म्हणजे एखाद्या मोठ्या खडकाचा कपचा असेल, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात निघाला दगडगोट्यांचा ढीग, आणि त्यात साधारण ४० टक्के पोकळी! क्षीण गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र राहिलेला ढिगारा.

या यानाच्या वाटेत विघ्नं पुष्कळ आली. इंधन गळलं, संपर्क काही आठवडे तुटला, नमुना उडवण्यासाठीची गोळी झाडलीच गेली नाही. तरीही १३ जून २०१० रोजी त्याची कुपी ऑस्ट्रेलियात वूमेरा इथे उतरली आणि तिच्यात धुळीचे दीड हजारांच्या आसपास कण सापडले. त्या कणांनी एक जुनं कोडं सोडवलं. आकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडाला आपण अशनी म्हणतो. सर्वांत जास्त पडणारे अशनी ज्या प्रकारचे, त्या रंगाचे लघुग्रह आकाशात फारसे दिसतच नव्हते. मग हे दगड येतात कुठून? उत्तर असं मिळालं, की दगड तेच, पण सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने त्यांचा वरचा थर बदललेला. आपण दुरून फक्त तो उन्हावाऱ्याने रापलेला चेहरा बघत होतो.

आता मुख्य गोष्ट. हायाबुसा-२ हे यान ३ डिसेंबर २०१४ रोजी तानेगाशिमा बेटावरून निघालं आणि २७ जून २०१८ रोजी र्‍युगू या लघुग्रहापाशी पोचलं. पृथ्वीपासून अंतर सुमारे ३० कोटी किलोमीटर. इथून पाठवलेला संदेश तिथे पोचायला पाव तासाहून जास्त वेळ. र्‍युगूचा व्यास साधारण ९०० मीटर. आपलं लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे अख्खा र्‍युगू त्यात ठेवला तरी दोन्ही बाजूंनी जागा उरेल.

ठरलं असं होतं, की ऑक्टोबर २०१८ मध्ये यान तिथे टेकायचं. त्यासाठी शंभरेक मीटरचं सपाट मैदान मिळेल असं गृहीत धरलेलं. यानाने फोटो पाठवले आणि मैदान कुठेच दिसेना! सगळीकडे धोंडेच धोंडे. यानाचं पोट एखाद्या दगडाला लागलं तर चार वर्षांचा प्रवास आणि सगळी मोहीम तिथेच संपणार.

मंडळी, अशा वेळी काय होतं ते आपल्याला ऑफिसात चांगलं माहीत आहे. तारीख जाहीर झालेली असते, वरचे लोक वाट बघत असतात आणि कुणीतरी म्हणतं, "करून टाकू, बघू काय होतंय ते." प्रकल्प प्रमुख युइची त्सुदा आणि त्यांच्या चमूने तसं केलं नाही. त्यांनी उतरणं पुढे ढकललं आणि ते जाहीरही केलं. चमकदार आवरणाचा एक छोटा खुणेचा गोळा आधी खाली सोडला. तो जिथे पडला, तिथून मोजमाप करून जवळच जेमतेम सहा मीटर रुंदीची जागा निवडली. शंभर मीटरच्या बेताने बनवलेलं यान सहा मीटरांत कसं उतरवायचं, याचा अभ्यास चार महिने केला. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी यान टेकलं ते ठरलेल्या बिंदूपासून साधारण एका मीटरवर. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की समोर आलेल्या माहितीला त्यांनी वेळापत्रकापेक्षा वरचं स्थान दिलं.

एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी र्‍युगूवर दोन किलो वजनाचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने आदळवला. खड्डा पडला चौदा मीटरहून रुंद! कठीण खडक असता तर तो कितीतरी लहान पडला असता. पृष्ठभाग सुट्या वाळूसारखा, कणाला कण फारसा चिकटलेलाच नाही. जुलैमध्ये यान पुन्हा टेकलं, या खड्ड्याजवळ, आतून उडालेला माल गोळा करायला.

कुपी ६ डिसेंबर २०२० रोजी वूमेराला उतरली. अपेक्षा होती ०.१ ग्रॅमची, मिळाले ५.४ ग्रॅम. चहाचा एक चमचा भरेल इतकी काळी रेती! तिच्यात पाण्याशी संयोग होऊन बनलेली खनिजं होती. एका स्फटिकात तर कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी अडकलेलं होतं. म्हणजे र्‍युगूचा मूळ पिंड सूर्यापासून खूप लांब, गोठलेल्या प्रदेशात जन्मला असणार. वीसहून अधिक अमिनो आम्लं सापडली. २०२३ मध्ये युरॅसिल सापडल्याचं जाहीर झालं, जे आरएनएच्या चार पायाभूत घटकांपैकी एक. याचा अर्थ तिथे जीव होते असा नाही. पण जीवसृष्टीला लागणारा काही कच्चा माल पृथ्वीबाहेर आपोआप तयार होतो, याची खात्री पटली.

तुम्ही म्हणाल, असे पदार्थ अशनींमध्येही सापडतात की. सापडतात, पण अशनी इथल्या मातीत पडतो, इथली हवा खातो. र्‍युगूसारखे अशनी अगदी मोजके आहेत. त्यातला एक १८६४ मध्ये फ्रान्समध्ये पडला, एक १९११ मध्ये आपल्या राजस्थानात टोंकजवळ. फ्रान्सच्या अशनीतल्या पांढऱ्या सल्फेटच्या रेघा पृथ्वीवरच्या दमट हवेने तयार झालेल्या आहेत, असं संशोधकांनी मांडलं होतं. र्‍युगूच्या रेतीत तशा रेघा नाहीत. सूर्यमालेचा मूळ मसाला कसा होता, हे तपासायला आता हवा न लागलेला नमुना हाताशी आहे.

शुक्राचीही अशीच कथा. जपानचं आकात्सुकी यान डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन बिघडल्यामुळे शुक्राच्या कक्षेत शिरू शकलं नाही. पाच वर्षं सूर्याभोवती फिरलं आणि ७ डिसेंबर २०१५ रोजी छोट्या इंजिनांच्या जोरावर आत शिरलं. जाताच त्याला ढगांच्या माथ्यावर सुमारे दहा हजार किलोमीटर लांबीची धनुष्याकृती लाट दिसली. वारे सुसाट, पण लाट जागच्या जागी. कारण खाली डोंगर आहेत आणि त्यांना अडखळून वर गेलेली हवा थेट ढगांवर उमटते. हा डोंगर जवळ गेल्यावरच कळला!

आता घरातली मुलं विचारतील, या सगळ्याचा उपयोग काय? एक रोकडा उपयोग सांगा. इतोकावा आणि र्‍युगू पृथ्वीच्या कक्षेजवळून फिरणारे आहेत. असा एखादा उद्या आपल्या दिशेने निघाला, तर त्याला ढकलायचं कसं? एकसंध खडकाला धक्का देणं वेगळं आणि दगडांच्या ढिगाला देणं वेगळं. २०२२ मध्ये नासाने डार्ट यान एका छोट्या लघुग्रहावर आदळवून त्याची कक्षा बदलून दाखवली. तो ढीग आतून कसा आहे, हे जाणल्याशिवाय असा हिशेब पुरा होत नाही.

जपानमध्ये राहणाऱ्यांना किंवा इथे फिरायला येणाऱ्यांना एक सुचवतो. टोकियोजवळ सागामिहाराला, फुचिनोबे स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर, जाक्साचं संशोधन केंद्र आहे. ही रेती तिथेच जपून ठेवली आहे. तिथल्या प्रदर्शनात हायाबुसा-२ ची पूर्णाकृती प्रतिकृती बघायला मिळते. मुलांना जरूर न्या. आणि घरी आल्यावर त्यांना मराठीतून सांगायला लावा, की शास्त्रज्ञांना आधी काय वाटलं होतं आणि जवळ गेल्यावर काय दिसलं. आजीआजोबांना फोनवर सांगितलं तर उत्तमच.

हायाबुसा-२ अजून चालतंच आहे. २०३१ मध्ये ते आणखी एका लघुग्रहापाशी पोचायचं आहे, अवघ्या काही मीटर आकाराच्या. त्याच्याविषयीही आज आपले काही अंदाज आहेत. बघू या, त्यातले किती टिकतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. नमस्कार!