लिपी, कुलूप आणि किल्ली
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)



ग्रंथालयाच्या शताब्दीला संगणकातील सांकेतिक अक्षरमालांचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. बीदरला महमूद गवानच्या मदरशासमोर उभे राहिले की त्याचे उत्तर सापडते. १४७२ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूत सुमारे ३००० हस्तलिखिते होती, असे इतिहासकार सांगतात. आज वास्तूचा काही भाग उभा आहे, ग्रंथ नाहीत. ग्रंथ नाहीसे होण्याची ही एक रीत. दुसरी रीत अधिक शांत आहे. ग्रंथ कपाटात सुखरूप असतो, पण तो वाचणारा उरत नाही.

ही दुसरी रीत आपल्या भागाला अनोळखी नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातील जुन्या घरांत आजोबांचे कागद मोडीत, निजामी अमलातले दस्त उर्दूत आणि १९५६ नंतरचे कागद कानडीत आढळतात. जमीन तीच, नाव तेच. लिपी मात्र तीन. नातवाला त्यांतील एखादीच येते. या कागदांना कोणी कुलूप घातलेले नाही, तरी किल्ली हरवलेली आहे.

महानुभाव पंथाची कथा याहून बोलकी आहे. पंथीयांनी आपल्या ग्रंथांसाठी सांकेतिक लिप्या योजल्या. त्यांतील सकळ लिपीचे कर्तृत्व चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे दिले जाते. तिचे तत्त्व साधे होते : एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह. परंतु किल्ली मठाबाहेर गेली नाही, आणि मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके सामान्य वाचकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे ते दालन अभ्यासकांना खुले झाले.

आता संगणकाकडे वळू. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. तो केवळ अंक जाणतो. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत आपला ‘म’ तीन अंकांत, म्हणजे तीन बाइटांत साठतो. ते अंक केवळ साधी अक्षरे वाहून नेणाऱ्या मार्गाने धाडायचे झाल्यास त्यांना आणखी एक वेश द्यावा लागतो. ‘बेस चौसष्ट’ नावाच्या पद्धतीत दर तीन बाइटांची चार चिन्हे होतात. ‘म’चे रूपांतर होते ते असे : चार हा आकडा, मोठा के, मोठा एस आणि लहान यू. गुप्तलेखनाच्या अनेक संगणकीय संचांत असे वेश चढवणारी व उतरवणारी लहान फंक्शने असतात. मोठ्या गणिती यंत्रणेच्या दाराशी बसलेले हे कारकूनच म्हणा ना.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वेश म्हणजे कुलूप नव्हे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत सभासदांची यादी मला मोठ्या विश्वासाने दाखवण्यात आली. ‘सगळे गुप्त करून ठेवले आहे,’ असे सांगण्यात आले. पाहतो तो बेस चौसष्टचा वेश! काही क्षणांत नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक पडद्यावर उभे राहिले. खऱ्या गुप्तलेखनात पद्धत जगजाहीर असली तरी चालते. गुप्त असते ती किल्ली. बेस चौसष्टला किल्लीच नाही.

चांगल्या कारकुनाचे दोन गुण या फंक्शनांतही पाहावेत. पहिला गुण, शंका आली की थांबणे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. जाणता वाचक अशा जागी अडखळतो, अंदाज ठोकत नाही. काही फंक्शने मात्र अनोळखी चिन्ह मुकाट्याने गाळून पुढे जातात. चूक तेथेच उघड झाली, तर ती सुधारता तरी येते.

दुसरा गुण, एकरूपता. ‘वाऱ्यावर’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. सूचीत एक रूप असेल आणि वाचकाने दुसरे टंकित केले, तर पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. परवलीच्या शब्दात हे घडले, तर मालकालाच दार उघडत नाही. म्हणून सांकेतिक रूप देण्याआधी शब्द एका ठरीव रूपात आणणे अगत्याचे असते. युनिकोडचे सर्वसाधारण नियम या अदृश्य चिन्हाला हात लावत नाहीत. मराठीपुरती ती काळजी आपणच घ्यावयास हवी.

ग्रंथालयाच्या चालकांना माझी तीन मागणी आहेत. सूची जुन्या, एकाच फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतीत असेल, तर ती युनिकोडमध्ये आणावी. तो फाँट गेला की मराठीची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. सभासदांची माहिती खऱ्या कुलपात ठेवावी आणि तिची किल्ली एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींकडे असावी. आणि कोणती पद्धत वापरली, हे साध्या मराठीत, कागदावर, शाईने लिहून दफ्तरी ठेवावे.

सकळ लिपी उलगडायला राजवाडे भेटले. आपल्या सूचीला दुसरे राजवाडे भेटतीलच, अशा भरवशावर राहू नये. पुढची शंभर वर्षे या ग्रंथालयाचे दार वाचकाला सहज उघडत राहो, ही सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.