‘गेले’ म्हणजे कुठे गेले?

मागच्या दोन भागांत पाहुणे होते, आज मी एकटाच आहे आणि विषयही घरातलाच आहे. एका मेसेजचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे काका कोल्हापूरला एका हॉस्पिटलमध्ये होते. हृदयाचं दुखणं, वय सत्तरच्या पुढे. मी पुण्यात. रोज चुलतभावाचे मेसेज यायचे, ‘रात्र बरी गेली’, ‘डॉक्टर येऊन गेले’, असे. सातव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून निघताना मोबाईल बघितला. लिहिलं होतं, ‘बाबा गेले आत्ता. नंतर बोलतो, धावपळ आहे.’

मी जिन्यातच बसलो. भावाला फोन लावला, उचलला नाही. म्हटलं, आता तो कुठला उचलतोय. आईला कळवलं, आईने आत्याला कळवलं. बायकोने बॅग भरली, स्वारगेटला एसटी पकडली. गाडी साताऱ्याच्या पुढे गेली आणि भावाचा फोन आला. ‘अरे, एवढे मिस्ड कॉल? काय झालं?’

काकांना डिस्चार्ज मिळाला होता. काकूबरोबर गाडीने ते घरी गेले होते. भाऊ मागे राहून बिलाच्या खिडकीशी उभा होता. ती धावपळ!

(हसू) आत्ता हसतोय, तेव्हा मी त्याच्यावर जाम चिडलो. आत्याची तर रडून रडून वाट लागली होती. त्याचं एकच म्हणणं, ‘मी काय चुकीचं लिहिलं? गेलेच ना ते!’ आणि व्याकरण बघाल तर त्याचं बरोबरच होतं. त्याने नुकतंच बापाला गाडीत बसवलं होतं, त्याला ‘गेले’चा दुसरा अर्थ सुचलाच नाही. मला पहिला सुचला नाही. फोनवर बोलला असता तर नुसत्या आवाजावरून कळलं असतं. मेसेजमध्ये आवाज नाही, चेहरा नाही. ती रिकामी जागा मी आठवडाभर साठवलेल्या भीतीने भरून टाकली.

बरं, आपण मराठी माणसं या शब्दाला आधीपासूनच वचकून असतो. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माझ्या तोंडून चुकून ‘जातो’ निघालं, तर आजी उंबऱ्यावरून परत बोलवायची. ‘येतो म्हण.’ नव्याने मराठी शिकणारा माणूस चक्रावतो, हा दाराबाहेर चाललाय आणि म्हणतोय ‘येतो’!

‘वाढणे’चं बघा. मुलगा वाढतो, महागाई वाढते, पानात भात वाढतात. इथवर ठीक. पण रात्री वाण्याने ‘दुकान वाढवलं’ म्हणजे बंद केलं. देवापुढे नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढली म्हणजे पिचली. ‘बंद’, ‘फुटली’ हे शब्द तोंडातून नकोत, म्हणून त्यांच्या जागी नेमका उलटा शब्द बसवलाय. आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. ‘ताई, बांगडी वाढली तुमची’ असं म्हटल्यावर कोणी ती मोजायला घेत नाही.

याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृत पंडितांचं एक ठरलेलं उदाहरण आहे, ‘सैंधव’. सिंधू देशातलं ते सैंधव, म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला मालक ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. पंगतीत घोडा घेऊन येणाऱ्या नोकराला शब्दाचा अर्थ ठाऊक असतो हो, पण काय चाललंय ते कळलेलं नसतं. याला त्यांनी नाव दिलं ‘प्रकरण’. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त तर यादीच आहे. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो? प्रकरण, शेजारचा शब्द, औचित्य, स्थळ, काळ, आणखीही बरंच.

तिकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. होड्यांच्या सफरीबद्दल तिथली माणसं काय बोलतात ते त्याने शब्दाला शब्द लावून उतरवलं, आणि ते वाचून काही म्हणजे काही कळेना. त्या सफरी, त्यातली चढाओढ, फुशारकी हे सगळं माहीत झाल्यावरच बोलण्याचा अर्थ लागतो, असं त्याने 1923 साली लिहिलं.

मला तेच साताऱ्याच्या पुढे कळलं.

त्यानंतर आमच्या घरात एक अलिखित नियम झाला. कोणी कुठेही गेलं की ‘निघाले’ किंवा ‘पोचले’ लिहायचं. ‘गेले’ बंद. काकाच सगळ्यांना दटावायचे. ‘मला एकदा मारलंत, पुरे झालं.’

काका पुढे चार वर्षं होते. एका पहाटे भावाचा फोन आला. मेसेज नाही, फोन. ‘तू ये’ एवढंच म्हणाला. मी काही विचारलं नाही. बायको शेजारी उठून बसली होती, तिनेही विचारलं नाही, बॅग काढली.

तुमच्या घरात असे कुठले शब्द टाळले जातात, मला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. चला, येतो.