मीटर, मोबाईल आणि नागरिकधर्म

(मुंबईतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. स्टेशनबाहेर उभी असलेली काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी की मोबाईलवरून गाडी मागवावी, यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. परंतु समाजाची नीती केवळ मोठ्या प्रसंगी ठरत नाही. ती रोजच्या शंभर-दोनशे रुपयांच्या व्यवहारातूनही घडत असते. ज्या माणसाच्या हाती आपण आपल्या वृद्ध आईवडिलांना आणि रात्री उशिरा घरी परतणाऱ्या लेकीला सोपवतो, त्याच्याशी आपले नाते काय, हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही.

प्रथम टॅक्सी ही व्यवस्था काय आहे ते समजून घेऊ. मुंबईत मोटार-टॅक्सी आली ती १९११च्या सुमारास, घोड्याच्या व्हिक्टोरियाच्या जोडीला. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिची फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, या शहराची ओळख बनली. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ साली झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या वेळी अनेकांनी हळहळ व्यक्त केली; परंतु हळहळ गाडीपुरतीच होती. त्या गाडीमागे जो सामाजिक करार उभा होता त्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

तो करार असा होता. शासन परवाना देईल, भाडे ठरवेल आणि मीटर तपासेल. चालक बॅज लावील, ठरलेल्या दराहून एक रुपयाही अधिक घेणार नाही आणि योग्य कारणाशिवाय भाडे नाकारणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमात भाडे नाकारणे हा दंडनीय अपराध आहे. याच्या बदल्यात चालकाला उपजीविकेची एक प्रकारची शाश्वती मिळे. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले, ते असेच सार्वजनिकरीत्या जाहीर होऊन. ऊन असो वा पाऊस, धनिक असो वा गरीब, दर एकच. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के अधिक द्यावे लागतात, पण तेही आधीपासून सर्वांना ठाऊक असते.

मग हा करार मोडला कसा? येथे आपण भावनेला बाजूला ठेवून बोलले पाहिजे. तो प्रथम रस्त्यावरच मोडला. जवळचे भाडे नाकारणे, पावसात मान हलवून निघून जाणे, मीटरशी खेळ करणे, परगावच्या पाहुण्याला लांबच्या रस्त्याने फिरवणे, हे अनुभव मुंबईकराला नवे नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजी रस्त्याच्या कडेला हात करीत उभ्या आहेत आणि एकापाठोपाठ एक रिकाम्या टॅक्सी निघून जात आहेत, हे दृश्य ज्या व्यवस्थेला लाजवीत नव्हते, त्या व्यवस्थेवरील लोकांची श्रद्धा उडाली तर दोष केवळ लोकांना देता येणार नाही. प्रामाणिक टॅक्सीवाले तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत; विसरलेली बॅग पोलीस ठाण्यात आणून देणारे हेच लोक. परंतु अप्रामाणिकांना आवर घालण्याचे काम ना संघटनांनी पुरेसे केले, ना परिवहन खात्याने.

गोव्याचे उदाहरणही बोलके आहे. तेथे पर्यटकांच्या टॅक्सी वर्षानुवर्षे मीटरविना धावत राहिल्या. २०१८ साली राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या पाठबळाने ‘गोवामाईल्स’ ही मोबाईलवरील सेवा आली, तेव्हा स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तिला कडवा विरोध केला. आपल्या पोटावर पाय येतो ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु दराबाबत आधीच पारदर्शकता ठेवली असती, तर त्यांच्या बाजूने उभे राहणारे ग्राहक कितीतरी अधिक असते.

या पोकळीत नव्या कंपन्या शिरल्या. ओला ही आपल्याच देशात, मुंबईत २०१० साली सुरू झाली. उबर २००९ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि २०१३ साली बंगळुरूमार्गे भारतात आली. त्यांनी दिलेल्या सोयी नाकारण्यात अर्थ नाही. गाडी दाराशी येते. चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक आधी कळतो. प्रवासाचा मार्ग घरच्यांना त्यांच्या मोबाईलवर दिसतो. सुट्ट्या पैशांचा वाद नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वृद्ध दांपत्यांना दवाखान्यात जाण्यासाठी मुलगा अमेरिकेतून गाडी मागवून देतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

मात्र तंत्रज्ञान म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही लक्षात ठेवावे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशाच एका गाडीत तरुणीवर बलात्कार झाला आणि त्या चालकाची पार्श्वभूमी नीट तपासलीच गेली नव्हती हे उघड झाले. यंत्र नोंद ठेवते. माणसाची पारख माणसांनी आणि संस्थांनीच करायची असते.

आता या व्यवसायाचे अंतरंग पाहू. आरंभीच्या काळात या कंपन्यांनी गुंतवणूकदारांचा पैसा पाण्यासारखा ओतला. प्रवाशाला खर्चाहूनही स्वस्त दर आणि चालकाला भरघोस बक्षिसी, असे दुहेरी आमिष होते. ते पाहून हजारो तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. गावाकडची जमीन वा घरातले दागिने गहाण पडले. पुढे बक्षिसी आटली, कंपनीचा हिस्सा कायम राहिला आणि बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहिला. एक साधा हिशेब करू. समजा, आपण ३०० रुपये दिले आणि कंपनीने पंचवीस टक्के घेतले, तर चालकाच्या हाती २२५ उरतात. त्यातून गॅस, हप्ता, विमा आणि दुरुस्ती वजा करा. शिवाय आपल्यापर्यंत रिकामी गाडी आणण्याचे अंतर त्याच्याच खिशातून. ‘कुठे जायचंय? पैसे रोख की ऑनलाइन?’ असे फोनवर विचारून तो फेरी रद्द करतो, तेव्हा आपल्याला संताप येतो. तो संताप रास्तच आहे. पण या वागण्याचे मूळ या हिशेबात आहे, हेही समजून घ्यावे.

कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. आपल्या परंपरेत भागीदारीला फार वजनदार अर्थ आहे. भागीदार नफ्यात असतो तसा निर्णयातही असतो. येथे दर ठरवताना, हिस्सा ठरवताना किंवा खाते बंद करताना चालकाला कोणी विचारीत नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला की, उबरचे ते चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत आणि किमान वेतन व भरपगारी रजा यांवर त्यांचा हक्क आहे. शब्द बदलल्याने नाते बदलत नाही, एवढेच त्या निर्णयाचे सार.

दुसरा प्रश्न मागणीनुसार चढणाऱ्या दराचा. त्याचे समर्थक म्हणतात, दर वाढला की अधिक चालक रस्त्यावर येतात आणि गाडी मिळते. या युक्तिवादात तथ्य आहे. मुसळधार पावसात घराबाहेर पडणाऱ्या चालकाला चार पैसे अधिक मिळावेत हे न्याय्यच आहे. पण त्याला मर्यादा हवी. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनी शहराच्या मध्यवर्ती भागात ओलीसनाट्य सुरू असताना, जीव मुठीत धरून बाहेर पडणाऱ्यांकडून यंत्राने आपोआप वाढीव भाडे आकारले. ओरड झाल्यावर कंपनीला पैसे परत करावे लागले. यंत्राला मागणी दिसते, माणसाची अगतिकता दिसत नाही. २६ जुलै २००५च्या प्रलयात याच मुंबईने अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा-पाणी दिले. संकटात किंमत वाढवायची नसते हे ज्या शहराने शिकवले, त्याने आपला हा संस्कार यंत्राच्या हवाली करू नये.

कायदा या बाबतीत सावकाश का होईना, पुढे सरकला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांना ‘ॲग्रिगेटर’ म्हणून परवान्याच्या कक्षेत आणले गेले. केंद्राने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात वाढीव दराची मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट होती. जुलै २०२५च्या नव्या तत्त्वांत ती दुप्पट झाली. मात्र स्वतःची गाडी चालवणाऱ्यास भाड्याचा किमान ८० टक्के वाटा, पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा यांची तरतूद आहे. सबळ कारणाविना फेरी रद्द करणाऱ्यास, मग तो चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या १० टक्के आणि कमाल १०० रुपये दंड आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यानुसार या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा श्रमिकांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. कागदावरचे हे हक्क चालकाच्या घरात पोचतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र समाजाची.

मग मार्ग कोणता? मोबाईल फेकून द्यावा असे मी म्हणणार नाही. तंत्र हे साधन आहे. प्रश्न त्याच्या मालकीचा आहे. बंगळुरूमध्ये २०२२ साली रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साहाय्याने ‘नम्म यात्री’ ही सेवा सुरू झाली. ती प्रत्येक फेरीवर हिस्सा घेत नाही. पुढे तिने चालकाकडून दिवसाला ठरावीक लहान शुल्क घेण्याची पद्धत स्वीकारली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनाही रिक्षांसाठी हीच वाट धरावी लागली. २०२५ साली ‘सहकार टॅक्सी’ ही बहुराज्य सहकारी संस्था नोंदली गेली आणि ‘भारत टॅक्सी’ या नावाने तिची सेवा दिल्लीपासून सुरू झाली. तेथे चालक हाच सभासद असावा अशी कल्पना आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला तो महाराष्ट्र या कल्पनेला परका नाही. सहकारात पुढे काय बिघडले हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून अशा संस्थांचे स्वागत करतानाच त्यांचा हिशेबही जागरूकपणे मागावा लागेल.

शेवटी, आपण घरोघरी काय करावे? काही साध्या गोष्टी सांगतो.

समोर मीटरची टॅक्सी उभी असेल आणि चालक यायला तयार असेल, तर तिला प्राधान्य द्यावे. तेथे आपला पैसा पूर्णपणे श्रम करणाऱ्याच्या किंवा स्थानिक गाडीमालकाच्या हाती जातो. त्याने भाडे नाकारले, तर वाद घालण्यापेक्षा गाडीचा क्रमांक टिपून परिवहन खात्याकडे रीतसर तक्रार करावी. ते कष्ट कोणी घेत नाही, म्हणूनच मुजोरी वाढते.

रात्रीच्या वेळी, अपरिचित भागात किंवा एकट्या महिलेसाठी मोबाईलवरची गाडी सोयीची असेल, तर निःसंकोच घ्यावी. मात्र क्रमांक जुळवूनच आत बसावे आणि मार्ग घरच्यांना कळवावा. सुरक्षिततेच्या बाबतीत तत्त्वाचा हट्ट धरू नये.

चार मिनिटे उशीर झाला म्हणून फेरी रद्द करू नये. तो वाहतुकीत अडकलेला असतो. चालकाला एकच तारा देऊन त्याची रोजी धोक्यात आणण्याआधी आपला राग कंपनीच्या दरावर आहे की त्याच्या वागण्यावर, याचा विचार करावा. आणि त्याला ‘अहो’ म्हणावे. मुलांसमोर तर अवश्य म्हणावे, कारण श्रमाची प्रतिष्ठा ती पुस्तकातून शिकत नाहीत, आपल्याकडे पाहून शिकतात.

टॅक्सी संघटनांनाही एक विनंती आहे. केवळ बंदी मागून ग्राहक परत येत नसतो. भाडे नाकारणाऱ्या आपल्याच बांधवाला जी संघटना जाब विचारील, तिच्या न्याय्य मागणीमागे मध्यमवर्ग उभा राहील.

ग्राहकाला स्वस्त हवे, चालकाला रास्त हवे आणि कंपनीला नफा हवा. या तिघांपैकी पहिले दोघे याच मातीत, याच वस्त्यांत राहतात. त्यांची मुले कदाचित एकाच शाळेत शिकतात. त्यांनी एकमेकांचे शत्रू होऊन तिसऱ्याचा ताळेबंद भरावा, यात शहाणपण नाही. येत्या आठवड्यात आपण जेव्हा गाडीत बसाल, तेव्हा पुढच्या माणसाला एवढेच विचारा, ‘या फेरीत तुमच्या हाती किती पडतात?’ मिळालेले उत्तर घरी जेवताना सर्वांना सांगा. विचाराला तेथूनच प्रारंभ होईल.