तोंड उघडत नसेल, तर आधी गळ्यावर प्रोब

आजचा विषय नांदेड-लातूरकडच्या भूलतज्ज्ञांना आणि कॅज्युअल्टीतल्या पोरांना रोजचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी गुटख्याने गाल आखडलेला पेशंट ऑपरेशनला येतोच. त्याला त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नाहीत? मग लॅरिंगोस्कोप आत जाणार कसा?

अशा वेळी पेशंट जागा ठेवून, नाकातून फायबरस्कोपवर नळी टाकणं हा पहिला पर्याय. पण तो फसला आणि ऑक्सिजन घसरला, तर शेवटची वाट गळ्यातून. कंठमणी आणि त्याखालची क्रिकॉइड कूर्चा, यांच्यामधला पातळ पडदा उघडायचा. नुसत्या बोटाने ही जागा बऱ्याचदा चुकते. बायकांमध्ये, जाड किंवा सुजलेल्या गळ्यात जास्तच.

म्हणून भुलेचं औषध देण्याआधी सोनोग्राफी करा. मान मागे, लिनिअर प्रोब मधोमध उभा. श्वासनळीच्या कड्या काळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. डोक्याकडे सरकलात की एक मोठा मणी येतो, तो क्रिकॉइड. त्याच्या लगेच वर पडदा. आता एक सुई प्रोब आणि कातडीच्या मध्ये आडवी सरकवा, टोचायची नाही. तिची सावली पडद्यावर पडली की तिथे पेनने खूण करा. सवय झाली की एक-दोन मिनिटांचं काम.

नळी टाकल्यावरही प्रोब उपयोगी. गळ्यात आडवा धरला आणि श्वासनळीशेजारी हवेची दुसरी नळी दिसली, तर आपली नळी अन्ननलिकेत आहे. तरी शेवटचा शब्द कॅप्नोग्राफचाच, बरं का.

आणि ऑक्सिजन घसरायला लागल्यावर मशीन शोधत बसू नका. खूण आधीच हवी.

आता खरी अडचण. मशीन रेडिओलॉजीत, पेशंट ओटीत. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, गळाच बघायचा असला तरी. मुली वाचाव्यात म्हणून आलेला कायदा आहे, त्याला वळसा घालायचा नाही. तुमच्या प्रमुखांना सांगून ओटी-कॅज्युअल्टीसाठी मशीन रीतसर नोंदवून घ्या. अर्ज या आठवड्यातच करा. भेटू पुढच्या भागात.