तांबड्या दिव्याची साक्ष



मोटारीची किल्ली फिरवितांच चालकासमोर एक तांबडा दिवा पेटतो आणि इंजिन सुरू होऊन हातब्रेक सुटला कीं मावळतो. हा दिवा ब्रेकांचा पहारेकरी होय. १९६८ सालापासून अमेरिकेंत नव्या प्रवासी मोटारींना पायब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग व असा दिवा सक्तीचा झाला. एक मार्ग फुटला तरी दुसरा गाडी थांबवितो. परंतु पहिला फुटल्याचें चालकास कळावें, ही त्यांतील योजना.

हातब्रेक सोडूनहि दिवा विझत नसेल तर काय करावें? प्रथम ब्रेकच पाहावा. पायाखालीं तो घट्ट लागतो काय? टाकींतील ब्रेक-ऑइल दोन खुणांच्या मध्यें आहे काय? तें उतरलें असेल तर दिवा खरें बोलत आहे. कोठें तरी गळती आहे किंवा ब्रेकपट्ट्या झिजल्या आहेत. नुसतें तेल ओतणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड बंद करणें. अशी गाडी मिस्त्रीकडेच न्यावी. पाय खोल जात असेल तर ती चालवूंच नये.

ब्रेक निर्दोष ठरला तरच विजेवर संशय घ्यावा. साध्या बांधणीच्या मोटारींत बॅटरीची वीज किल्लीवाटे दिव्यापर्यंत येते, पण तिची परतीची वाट तुटलेली असते. हातब्रेकच्या बुडाशीं एक आणि तेलाच्या टाकींत तरंगत्या फिरकीचा दुसरा, असे दोन स्विच असतात. त्यांपैकीं कोणताहि एक तार गाडीच्या सांगाड्यास जोडतो आणि दिवा पेटतो. अर्थात् सदैव पेटलेला दिवा म्हणजे नको तेथें तार सांगाड्यास मिळाली आहे.

गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे, हातब्रेक सोडावा व किल्ली फिरवावी. मग हातब्रेकच्या स्विचची तार काढावी. दिवा विझला तर दोष त्या स्विचचा. न विझल्यास टाकीवरील तार काढावी. आतां विझला तर तरंगता भाग तेल पिऊन बुडाला असावा किंवा स्विच अडकला असावा. तरीहि पेटलेला राहिला, तर पत्र्याच्या धारेवर घासून तारेचें वेष्टन गेलें आहे काय, हें वीतवीत तपासावें.

कधींच न पेटणारा दिवा अधिक घातक. हातब्रेकची काढलेली तार सांगाड्याच्या उघड्या लोखंडास टेकवावी. पेटला तर स्विच नादुरुस्त. न पेटला तर बल्ब, फ्यूज वा तुटलेली तार शोधावी. संगणकयुक्त नव्या मोटारींत मात्र हाच दिवा इतर दोषांनींहि पेटतो. तेथें तारा न ओढतां यंत्रानें तपासणी करवावी.

खोटा दिवा महिनोन् महिने पेटत ठेवणाऱ्याची नजर त्यास सरावते. मग खरोखर तेल गळूं लागेल त्या दिवशीं तोच दिवा तसाच पेटलेला असेल, आणि उतारावर पाय खालीं जाईपर्यंत चालकास कांहींच कळणार नाहीं.