मळमळते म्हणून उपचार सोडू नका

आज आपण केमोथेरपीनंतर होणाऱ्या मळमळीविषयी बोलणार आहोत. ‘औषध सोसत नाही’ असं म्हणून काही जणी पुढचा डोस घ्यायलाच जात नाहीत. उपचार असा अर्ध्यावर सुटला की आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो.

मळमळ का होते? कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध आतड्यालाही त्रास देतं. तिथून मेंदूला इशारा जातो आणि उलटी येते. कुणाला त्याच दिवशी, कुणाला दोन-तीन दिवसांनी. काही जणींना तर पुढच्या वेळी दवाखान्याचा नुसता वास आला तरी ढवळतं. हे नाटक नाही, घरच्यांनी हे समजून घ्यावं.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, ती आधीच घ्यायची असते. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितलं, तेवढे दिवस वेळेवर घ्या, बरं वाटलं तरी. आमच्या गटात आम्ही गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून देतो. गोळीनं आराम पडला नाही, किंवा शौचाला कडक होऊ लागलं, तर डॉक्टरांना सांगा. दुसरी औषधंही असतात. काढा किंवा झाडपाला मात्र त्यांना विचारल्याशिवाय नको.

खाणं थोडं थोडं, दोन-तीन तासांनी. भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, भाकरीचा कोरडा तुकडा, जे जाईल ते. वाफाळत्या जेवणापेक्षा निवलेल्याचा वास कमी येतो. तेलकट, तिखट टाळा. पाणी घोट घोट प्या. जेवून लगेच आडवं होऊ नका. फोडणीच्या वासानं त्रास होतो, म्हणून ते चार दिवस चूल दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी.

पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली, उभं राहिलं की चक्कर येते, उलटीत रक्त दिसतं, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि गटातल्या बायांनो, आपण कर्जाचे हप्ते पाळीनं गोळा करतो, तशीच ही पाळीही लावूया. एकीनं डबा द्यायचा, एकीनं सोबत जायचं, एकीनं लेकरं बघायची. आपली मैत्रीण शेवटच्या डोसापर्यंत पोचली पाहिजे.